सासूबाईंची वही आणि लाल रेघ

"मामी, डाळीत सांबार किती वाट्या घालायचं? घरी करून घालायचं, की विकतचं चालेल?"

पुण्याहून भाचसूनबाईंचा फोन आला, तेव्हा मी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसले होते. मला काही उलगडेना. डाळीत सांबार? म्हणजे डाळीत पुन्हा डाळच की!

"आणि मामी, ही लाखोली डाळ कुठली हो? वाण्याकडे मागितली, तर तो म्हणाला, ताई, लाखोली शिव्यांची असते, डाळीची नसते!"

ती हसत होती. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर मुकाट्याने कपाटातून ती पुस्तिका काढली आणि पान उघडलं. सुबक अक्षरांत छापलेलं होतं: 'लाखोली डाळ मऊ शिजवून घ्यावी. वरून भरपूर सांबार घालावे.'

आमच्याकडे, म्हणजे विदर्भात, सांभार म्हणजे कोथिंबीर. गोंदियाच्या बाजारात भाजीवालीला "सांभार द्या" म्हटलं की ती हिरवीगार जुडी पुढे करते. आणि लाखोरी हे आमच्या धानाच्या बांध्यांतलं कडधान्य. धान कापणीला येण्याच्या सुमारास जमिनीत ओल असते, तेव्हा उभ्या धानातच ती फेकून पेरतात. दुसरीकडे तिला खेसारी म्हणतात. सासूबाईंच्या वहीत हे दोन्ही शब्द बरोबर होते. बिघडवले ते मी. म्हणजे असं, की कॉम्प्युटरने बिघडवले आणि मी त्याला 'हो' म्हटलं.

ही गोष्ट सांगायची तर आधी माझी ओळख करून द्यायला हवी. मी मराठीची शिक्षिका. तीस-बत्तीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या. माझ्या पर्समध्ये कुंकवाची डबी एक वेळ नसेल, पण लाल शाईचं पेन असायचंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं मला बघवत नसे. लग्नपत्रिका आली तरी आधी तिच्यातल्या चुका दिसायच्या, मग मुहूर्त. आमचे हे म्हणायचे, "तुझ्यापुढे दुकानाची पाटीसुद्धा घाबरून सरळ होते."

माझं माहेर नाशिकचं. १९८१ साली लग्न होऊन मी गोंदियाला आले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं; वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. सासर मूळचं अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यातलं. घरात सगळे झाडीबोली बोलत. पाणी नाही, पानी. डोळा नाही, डोरा. कपाळ नाही, कपार. मला वाटायचं, शिकलेल्या मुलांच्या घरात हे असं कसं? आणि मी कंबर कसून सगळ्यांना सुधारायला लागले. सासूबाई ऐकून घेत आणि हसून म्हणत, "तुझं शुद्ध आहे माय, आमचं असंच."

कॉम्प्युटरची आणि माझी पहिली गाठ शाळेत पडली, २००३ च्या सुमारास. माता-पालक मेळावा होता. हजेरीचा तक्ता मीच टाइप करते म्हटलं. नाव, गाव, आईचे नाव, हजेरी अशा चार रकान्यांची डोकी टाइप केली, दोनशे प्रती काढल्या आणि वाटल्या. मेळाव्यात बघते तो काय, बाया पदरात तोंड खुपसून हसताहेत. कागदावर छापलं होतं: 'नव, गव, टाईचे नाव, ळजेरी'!

मी शपथेवर सांगते, मी 'आई'च टाइप केलं होतं. पण छापण्याआधी वाचून पाहिलं नव्हतं, ही चूक माझीच. मराठीच्या बाईंनी आईची टाई केली, हे नंतर कितीतरी दिवस शाळेत चाललं होतं.

हे घडलं कसं, ते मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या वेळी आमच्याकडे सर्रास कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालत. त्यांत कॉम्प्युटरच्या पोटात सगळी अक्षरं इंग्रजीच असत; फॉन्ट त्यांना फक्त मराठी लुगडं नेसवायचा. ज्या कळीवर इंग्रजी 'व्ही', तिच्यावर आपला 'अ'. तीच कळ शिफ्ट धरून दाबली, म्हणजे मोठा 'व्ही' केला, की 'ट'. 'जी'वर 'ह', मोठ्या 'जी'वर 'ळ'. इंग्रजीत ओळीचं पहिलं अक्षर मोठं काढायची रीत आहे. लिहिण्याच्या कार्यक्रमाला वाटलं, बाई इंग्रजी लिहिताहेत आणि पहिलं अक्षर मोठं करायचं विसरल्या. त्याने आपणहून ते मोठं केलं, आणि 'आई'ची 'टाई' झाली. 'नाव'चा 'न' अर्धा झाला, काना त्याला चिकटला, म्हणून 'नव'. बिचाऱ्या फॉन्टाचा दोष नव्हता. कार्यक्रमाला मराठी येत नव्हती आणि मला कॉम्प्युटर येत नव्हता. दोघांनी मिळून एकमेकांना न विचारता काम केलं होतं.

आता तशी परिस्थिती राहिलेली नाही. युनिकोड आल्यापासून कॉम्प्युटरला 'अ' म्हणजे 'अ' हे समजतं. त्याच्याजवळ मराठी शब्दांची भली मोठी यादीही असते. निवृत्तीनंतर मुलाने लॅपटॉप घेऊन दिला आणि त्यावर मराठीची ही दुरुस्ती सुरू करून दिली, तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चुकीच्या शब्दाखाली आपोआप लाल नागमोडी रेघ! जन्मभर जे काम मी एकटीने केलं, त्याला मदतनीस मिळाली असंच वाटलं.

सासूबाई गेल्या त्याला गेल्या वर्षी वर्ष झालं. नव्वदीच्या घरात होत्या, शेवटपर्यंत हिंडत्याफिरत्या. त्या गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली, तर लुगड्यांच्या घडीखाली एक जाड वही मिळाली. मी ती पूर्वी कधीच पाहिली नव्हती. आत त्यांच्या हातच्या पदार्थांच्या कृती होत्या. तांदळाच्या पिठाचे आयते, तरोट्याची भाजी, लाखोरीची डाळ, बाळंतिणीचं खाणं, रोवण्याच्या दिवसांत बायांना बांधावर काय न्यावं, असं सगळं. पहिल्या पानावर त्यांचं नाव, गाव, आणि खाली 'जि. भंडारा, १९८३'.

मी ठरवलं, वर्षश्राद्धाला याची छोटी पुस्तिका करून सगळ्या लेकीसुनांना द्यायची. पंधरा दिवस बसून सगळी वही टाइप केली. आणि पडद्यावर लाल रेघांचा नुसता पाऊस! एकेका शब्दावर गेलं की कॉम्प्युटर विचारायचा, तुम्हांला हा शब्द म्हणायचाय का? 'लाखोरी'ला त्याने सुचवलं 'लाखोली'. 'सांभार'ला 'सांबार'. 'पानी'ला 'पाणी'. खाली एक बटण होतं, सगळीकडे बदला. दुसरं होतं, यापुढे आपोआप बदला. मी किती वेळ एकेक शब्द बघत बसणार? पहिले काही शब्द नीट पाहिले, दुरुस्त्या चांगल्या वाटल्या, मग भराभर 'हो, हो' म्हणत गेले. 'कांदा चिरताना डोऱ्यात पानी येते' हे वाक्य 'कांदा चिरताना दोऱ्यात पाणी येते' असं कधी झालं, ते मला कळलंही नाही. पहिल्या पानावरचं 'जि. भंडारा' तर मीच हाताने बदललं आणि 'जि. गोंदिया' केलं. आणि प्रती वाटून मोकळी झाले.

फोननंतर मी एक गोष्ट केली. हे यंत्र दुरुस्ती करतं तरी कसं, ते मुलाकडून नीट समजावून घेतलं. तुम्हांलाही सांगते, कारण आता बचत गटाचा हिशेब असो, सोसायटीची नोटीस असो, की लेकीच्या लग्नाची पत्रिका, आपण बायकाच टाइप करतो.

यंत्राला अर्थ कळत नाही. त्याच्याजवळ फक्त यादी असते. शब्द यादीत सापडला की बरोबर, नाही सापडला की लाल रेघ. मग यादीतला सगळ्यांत जवळचा शब्द, एखाददुसरं अक्षर बदललं की होणारा, तो पुढे करतं. लाखोरीतला 'र' काढून 'ल' घातला की लाखोली, म्हणून लाखोली. ती डाळ आहे की शिवी, हे त्याच्या गावीही नसतं. उलट 'आयते' या शब्दाखाली रेघ आलीच नाही, कारण 'आयते' म्हणजे तयार मिळालेले, हा शब्द यादीत होता! आमचे आयते म्हणजे तव्यावरचे जाळीदार, मऊ, तांदळाचे. पुण्याच्या भाचसूनबाईंनी तेही विचारलं होतं, "मामी, आयतं मिळत असेल, तर कृती कशाला लिहिलीय?"

मराठीत आणखी एक अडचण. इंग्रजी शब्दाची रूपं थोडी. आपल्या एका 'घर' शब्दाची घराला, घरातून, घरातल्या, घरातल्यांनाही अशी किती रूपं होतात! सगळी रूपं यादीत मावत नाहीत, म्हणून मूळ शब्द आणि प्रत्यय जोडायचे नियम असं यंत्राला शिकवावं लागतं. नियम तोकडे पडले की बरोबर शब्दाखालीही रेघ येते. तेव्हा रेघ आली म्हणजे चूक झालीच, असं समजून घाबरायचं कारण नाही.

आणि यात फसलेली मी एकटीच नाही, हे ऐकून जरा बरं वाटलं. आपोआप दुरुस्तीची ही सोय १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या वर्डमध्ये आली. डीन हॅकामोविच नावाच्या तिथल्या तंत्रज्ञाचं हे काम. घाईत 'द' या इंग्रजी शब्दाची अक्षरं उलटसुलट पडतात, ती आपोआप सरळ करायची, अशी साधी सुरुवात. सोय खरोखर मोठीच. पण त्या काळच्या काही शब्दयाद्यांत सहकार्याचा 'को-ऑपरेशन' हा शब्द मधल्या छोट्या रेघेसकटच होता. रेघ न घालता लिहिला, की यंत्र त्याच्या जागी 'क्युपर्टिनो' सुचवायचं. क्युपर्टिनो हे अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं एक गाव! युरोपातल्या मोठमोठ्या संस्थांच्या कागदपत्रांत देशादेशांतलं सहकार्य म्हणून हे गाव छापलं गेलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. अशा चुकांना पुढे 'क्युपर्टिनो परिणाम' हेच नाव पडलं.

त्याहून नवल शास्त्रज्ञांचं. माणसाच्या शरीरातल्या काही जनुकांची नावं इंग्रजीत 'मार्च-एक', 'सेप्ट-एक' अशी दिसत. हिशेबाच्या तक्त्यात ती टाइप केली, की कॉम्प्युटर त्यांना तारीख समजायचा, १ मार्च, १ सप्टेंबर. संशोधनाचे तक्तेच्या तक्ते असे बिघडले. शेवटी २०२० साली, जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावं बदलली! यंत्राची खोड सुटेना, म्हणून माणसांनी नावं बदलून घेतली.

हे मी रंगवून सांगत होते, तेव्हा नणंदबाई आल्या होत्या. देवरीला दिलेल्या, माझ्याहून धाकट्या. लाखोलीची गंमत सांगितली, क्युपर्टिनोची सांगितली. त्या हसल्या नाहीत. पिशवीतून पुस्तिका काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"वहिनी, एक बोलू का? राग नका मानू जी. मी हे तीनदा वाचलं. यात आई नाही बोलत. तुमी बोलता."

मी म्हटलं, "अहो, दोन-चार शब्द चुकलेत, ते आपण दुरुस्त करू."

"दोन शब्दांचं नाही." त्यांनी एक पान उघडलं. "इथं पाहा. आईनं लिवलं होतं, लाखोरी रोज नाही खाव, पाय जातेत. तुमी काय केलं? लाखोलीचे सेवन प्रमाणात करावे."

मला एकदम काही सुचेना. कारण ते यंत्राने केलं नव्हतं. यंत्राने फक्त 'र'चा 'ल' केला होता. बाकी सगळं वाक्य मीच शुद्ध केलं होतं, 'जातेत' हे बरं दिसत नाही म्हणून. आणि त्या चार शब्दांत केवढी शहाणीव होती! खेसारी महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांतली ताकद जाते, हे डॉक्टरही सांगतात. सासूबाईंनी ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, आजूबाजूला पाहिलं होतं. मी त्या इशाऱ्याचा सुविचार करून टाकला होता. 'पाय जातेत' वाचून सून थांबली असती. 'प्रमाणात करावे' वाचून कोण थांबतं?

मी विचारलं, "ही वही तुम्हांला ठाऊक होती?"

"हो जी. माझ्यासमोरच लिवायची, मी माहेरी आली का."

"मग मला कधी दाखवली कशी नाही?"

नणंदबाईंनी जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आई म्हणायची, वहिनीले दाखवजो नोको. लाल करते ते मंग."

त्या दिवशी रात्री मला झोप आली नाही. एक जुनी गोष्ट आठवली. आठवली कसली, ती मी कधी विसरलेच नव्हते. तिचा अर्थ मात्र वेगळा लावून ठेवला होता.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. सासूबाईंनी माझ्या आईला, त्यांच्या विहीणबाईंना, अंतर्देशीय पत्र लिहिलं होतं. मोठ्या हौसेने माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पाहून घेजो एकदा." मी तेव्हा वह्या तपासत बसले होते. हातात लाल पेन होतं. नांव, कांही, पानी, कोनी, एकेका शब्दावर मी गोल काढत गेले. मग नवीन अंतर्देशीय आणून ते सगळं पत्र माझ्या अक्षरात शुद्ध करून लिहिलं आणि पोस्टात टाकलं. जुनं तसंच टेबलावर राहिलं. संध्याकाळी सासूबाईंनी ते उचलून चुलीत घातलं, ते मी पाहिलं. मला वाटलं, झालं काम म्हणून टाकलं.

त्यानंतर त्यांनी कधी पत्र लिहिलं नाही. "तूच लिही, तुझं शुद्ध असते," म्हणायच्या. चाळीस वर्षं मी ते कौतुक समजत होते.

आणि गंमत म्हणजे, त्या पत्रातल्या निम्म्या चुका चुका नव्हत्याच. सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या त्या १९४०च्या दशकात. तेव्हा शाळेत नांव, गांव, कांहीं असंच लिहायला शिकवत. उच्चार होत नाही ते अनुस्वार काढून टाकायचं, हे मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी ठरलं. शासनाने त्यातले १४ नियम मान्य केले १९६२ साली, आणखी ४ मान्य केले १९७२ साली. मी शाळेत जायच्या वेळेला नवे नियम आले होते, म्हणून माझं शुद्ध ठरलं. त्यांच्या बाईंनी त्यांना शिकवलं, ते त्यांनी जन्मभर जपलं. विद्यार्थिनी म्हणून मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क द्यायला हवे होते.

उरलेल्या 'चुका' झाडीबोलीच्या. चूक कधी नियमाने होत नाही, आज एक होते, उद्या दुसरी. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो तो दर वेळी होतो, 'ळ'चा 'र' होतो तोही दर वेळी. म्हणजे तिला तिचं व्याकरण आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने या बोलीसाठी आयुष्य वेचलं. मी त्याच बोलीच्या घरात राहून चाळीस वर्षं तिच्याखाली लाल रेघ ओढत होते.

'जि. भंडारा'चंही तेच. १९८३ साली ते बरोबरच होतं. सासूबाईंच्या गावाने जागा न सोडता किती पत्ते पाहिले! त्या जन्मल्या तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ पासून मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र, आणि १९९९ ला गोंदिया जिल्हा. पत्ता लिहिणारी बाई त्या दिवशी जिथे राहत होती, तेच तिने लिहिलं. मी कोण तो बदलणार?

म्हणून मी पुन्हा बसले. या खेपेला नणंदबाईंना शेजारी बसवून घेतलं. त्या मूळ वहीतलं मोठ्याने वाचत, मी टाइप करी. त्यांच्या तोंडून ऐकताना मला कितीदा तरी वाटलं, सासूबाईच स्वयंपाकघरातून सांगताहेत. मध्येच त्या म्हणाल्या, "वहिनी, मीठ अंदाजानं, असं लिवलंय. किती चमचे ते नाही." मी म्हटलं, "अंदाजानंच राहू द्या."

या दुसऱ्या खेपेत ज्या युक्त्या शिकले, त्या तुम्हांला सांगते. पहिली, टाइप करायला बसण्याआधी माणसांची, गावांची नावं आणि आपल्याकडचे खास शब्द यांची यादी करावी. त्यांतला शब्द आला आणि लाल रेघ उमटली, की त्यावर जाऊन 'शब्दकोशात जोडा' म्हणावं. एकदा जोडला की यंत्र त्याला पुन्हा हटकत नाही. लाखोरी, सांभार, तरोटा, सालेकसा सगळे मी जोडून टाकले. दुसरी, 'सगळीकडे बदला' हे बटण तिखटाच्या डब्यासारखं वापरावं, पाहून आणि बेताने. तिसरी, लिहिता लिहिता यंत्राने आपणहून शब्द बदललेला दिसला, तर लगेच कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबाव्यात. बहुधा तुमचा शब्द जसाच्या तसा परत येतो. चौथी, जुना फॉन्ट वापरत असाल, तर पहिलं अक्षर मोठं करण्याची आणि आपोआप दुरुस्तीची खूण आधी काढून टाकावी, नाहीतर आईची टाई ठरलेली. पाचवी, छापण्याआधी एकीने मूळ कागद वाचावा आणि दुसरीने छापील पाहावा. यंत्राच्या नजरेतून 'दोऱ्यात पाणी' सुटतं, कानातून सुटत नाही. आणि सहावी, मूळ वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. आपण कितीही काळजी घेतली, तरी पुढच्या पिढीला खरं काय होतं ते पाहता आलं पाहिजे.

शुद्धलेखन मी सोडलं, असं मात्र समजू नका. अर्ज लिहायचा, लेख लिहायचा, मुलांना शिकवायचं, तिथे प्रमाण मराठीच हवी आणि तिथे ती लाल रेघ माझी मैत्रीणच आहे. हा लेख लिहितानाही तिने माझे तीन ऱ्हस्व-दीर्घ पकडून दिले. पण आता दुरुस्त करायच्या आधी मी एक प्रश्न विचारते: हे लिहिणं कुणाचं? माझं असेल, तर खुशाल बदलावं. दुसऱ्या कुणाचं असेल, तर आधी तिला विचारावं. ती विचारायला उरली नसेल, तर जसं आहे तसं राहू द्यावं. नातीचं पत्र आलं तरी हल्ली मी पेन आधी पर्समध्ये ठेवते आणि मग ते उघडते.

नवी पुस्तिका गेल्या महिन्यात तयार झाली. पहिल्या पानावर सासूबाईंचं 'नांव' अनुस्वारासकट आहे, 'जि. भंडारा' आहे. पडद्यावर त्या 'नांव'खाली अजून लाल रेघ दिसते. तो शब्द काही मी शब्दकोशात जोडला नाही, कारण माझ्या लिहिण्यात तो चूकच आहे. त्यांच्या लिहिण्यात नाही. ती रेघ फक्त मला दिसते, कागदावर उमटत नाही, म्हणून तशीच राहू दिली.

परवा पुण्याहून पुन्हा फोन आला. "मामी, मोठ्या आजींच्या पद्धतीने डाळ केली होती. रोज नाही हं, पाय जातेत!"

मी विचारलं, "सांभार घातला का?"

"घातला की, भरपूर. इथे मात्र कोथिंबीर म्हणून मागावा लागतो."